टनांच्या आधी बोटांचा हिशेब

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

घरगुती सरपणासाठी हायड्रॉलिक लाकूडफोड यंत्र घेऊ पाहणाऱ्यांना मार्गदर्शन करणारा जो लेख आपल्या पुरवणीत नुकताच आला, तो मी लक्षपूर्वक वाचला. कुऱ्हाड आणि घण-पाचर यांवर वर्षानुवर्षे खांदे झिजवणाऱ्या माणसाला हे यंत्र केवढा दिलासा देते, हे त्यात चांगले सांगितले आहे. माझी तक्रार आहे ती लेखाच्या तोलाबद्दल. निम्म्याहून अधिक लेख यंत्र किती टनांचे, म्हणजे किती जोराचे, घ्यावे यावर खर्च झाला आणि चालवणाऱ्याचे हात कुठे असावेत यासाठी ‘सुरक्षेची योग्य ती काळजी घ्यावी’ एवढे एकच वाक्य उरले. हायड्रॉलिक यंत्रांच्या देखभालीत माझा बराच काळ गेला आहे आणि घरचे जळणही मी अशाच यंत्रावर फोडतो. त्या आधारावर सांगतो, की नवशिक्याने हा क्रम उलटा केला पाहिजे. टनांचा आकडा चुकला तर फार तर एखादा गाठाळ ओंडका फुटायचा राहील. हातांची जागा चुकली तर त्यावर दुरुस्ती नाही.

तरीही टनांची गोष्ट आधी संपवतो, कारण ती दिसते तितकी गूढ नाही. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा पास्कलने सतराव्या शतकात मांडलेला नियम. जोसेफ ब्रामा याने १७९५ मध्ये याच नियमावर चालणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट घेतले, आणि आजचे लाकूडफोड यंत्र म्हणजे मुळात तेच दाबयंत्र, फक्त त्याच्या समोर पोलादी पाचर उभी केलेली. त्यामुळे यंत्राचा जोर काढायला दोनच आकडे लागतात: सिलिंडरचा आतला व्यास आणि तेलाचा कमाल दाब. समजा व्यास १०० मिलिमीटर आहे, तर दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे ७८.५ चौरस सेंटिमीटर झाले. दाब २०० बार असेल, तर दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे २०४ किलोचा भार पडतो. दोहोंचा गुणाकार साधारण १६,००० किलो, म्हणजे १६ टन होतो. याच मापाच्या सिलिंडरवर आणि याच दाबावर चालणाऱ्या यंत्राच्या अंगावर २२ किंवा २५ टनांचे लेबल दिसले, तर तो फरक तेलातून आलेला नसतो, जाहिरातीतून आलेला असतो. काही ठिकाणी अमेरिकी टन वापरला जातो, जो ९०७ किलोंचाच असतो, आणि तेवढ्यानेही आकडा दहा टक्क्यांनी फुगतो. विक्रेत्याला व्यास आणि दाब विचारावा आणि गुणाकार आपण करावा. ज्याला हे दोन आकडे सांगता येत नाहीत, त्याने सांगितलेल्या टनांवर विसंबण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट अशी, की यंत्र आपला सगळा जोर प्रत्येक ओंडक्यावर लावत नाही. पंप तेल पुढे ढकलतो आणि समोरून जेवढा विरोध होईल तेवढाच दाब तयार होतो. सरळ रेषांचा (म्हणजे आतले तंतू सरळ असलेला), गाठ नसलेला ओंडका पाचर आत शिरताच तडकतो, आणि त्या वेळी दाबमापकाचा काटा कमाल दाबाच्या बराच खाली असतो. पेट्रोल इंजिनाच्या यंत्रांवर सहसा जो दोन टप्प्यांचा पंप असतो, त्याचे मर्म इथेच आहे. विरोध कमी असताना तो मिनिटाला ४० लिटरच्या आसपास तेल देतो आणि दट्ट्या झपाट्याने पुढे जातो. विरोध वाढून दाब ४० बारच्या जवळ गेला, की मोठा टप्पा आपोआप सुटतो आणि जवळपास चौथ्या हिश्श्याएवढेच तेल, पण पूर्ण दाबाने, सिलिंडरमध्ये जाऊ लागते. मिनिटाला ४० लिटर तेल २०० बारने सतत ढकलायचे म्हटले तर सुमारे १३ किलोवॉट शक्ती लागेल. दोन टप्पे केले की तेच काम साडेतीन-चार किलोवॉटचे इंजिन करते. चालवताना यंत्राचा आवाज एकदम खाली बसतो आणि दट्ट्या मंदावतो, तेव्हा बिघाड झाला असे समजून नवे मालक घाबरतात. तो बिघाड नाही, पंपाने टप्पा बदलला एवढाच त्याचा अर्थ आहे.

मग यंत्र किती मोठे घ्यावे? घरच्या एका शेगडीपुरते, वीस-पंचवीस सेंटिमीटर जाडीचे आणि बहुतांशी सरळ लाकूड फोडायचे असेल, तर पाच ते सात टनांचे विजेवरचे यंत्र पुरते. ते धूर सोडत नाही, आवाज कमी करते आणि त्याची देखभालही सोपी असते. जाड, गाठाळ, बेचक्याचे लाकूड नेहमीच येत असेल, तर वीस टनांच्या आसपासचे पेट्रोल यंत्र योग्य. घरी ट्रॅक्टर असेल तर त्याच्या तेलदाबावर चालणारे जोडयंत्रही आहे. वर्षाला थोडेच जळण लागणाऱ्याने हातपंपाचे यंत्र घेतले, किंवा कुऱ्हाडच ठेवली, तरी काही बिघडत नाही. हे सांगायला विक्रेते नाखूश असतात, म्हणून मी सांगतो. शक्य असेल तर विकत घेण्यापूर्वी एखाद्या दिवसासाठी भाड्याने आणून आपलेच लाकूड त्यावर फोडून पाहावे. लाकडाची जातही इथे मोठा फरक पाडते. एल्म किंवा निलगिरीच्या अनेक जातींत रेषा एकमेकींत गुंतलेल्या असतात. तिथे पाचर लाकूड फोडण्याऐवजी फाडत जाते आणि कागदावरचे टन अपुरे पडतात. दुसरीकडे सरळ वाढलेल्या पाइनच्या ओंडक्याला लहान यंत्रही सहज पुरते.

आता बोटांकडे येतो. हे यंत्र फसवे आहे, आणि त्याचा फसवेपणा त्याच्या संथपणात आहे. कुऱ्हाडीचा घाव डोळ्यांना दिसतो, तो भीती घालतो, आणि म्हणून कुऱ्हाड चालवणाऱ्याच्या जवळ कुणी उभे राहत नाही. हायड्रॉलिक दट्ट्या मात्र शांतपणे, जणू विचार करत पुढे येतो, आणि ‘एवढ्या वेळात हात काढून घेता येईल’ असे प्रत्येकाला वाटते. हिशेब मांडून पाहू. १०० मिलिमीटर व्यासाचा आणि ६० सेंटिमीटर धावेचा सिलिंडर भरायला सुमारे ४.७ लिटर तेल लागते. मिनिटाला ४० लिटर देणारा पंप ते सात सेकंदांत भरतो. म्हणजे दट्ट्या सेकंदाला आठ-साडेआठ सेंटिमीटर पुढे सरकतो. अनपेक्षित गोष्ट दिसल्यावर माणसाचा हात हलायला सुरुवात होईपर्यंत साधारण पाव सेकंद जातो. पाव सेकंदात दट्ट्या दोन सेंटिमीटर पुढे गेलेला असतो, आणि बोटाची जाडी त्याहून अधिक नसते. लिव्हर सोडण्याचा, व्हॉल्व्ह मिटण्याचा वेळ अजून यात धरलेलाच नाही. आणि जोर? ४० बारच्या त्या ‘हलक्या’ टप्प्यातही याच सिलिंडरचा रेटा तीन टनांच्या वर असतो. हाडासाठी पाच टन आणि पंचवीस टन यांत काहीच फरक नाही, म्हणून लहान यंत्र सुरक्षित ही समजूतही सोडून द्यावी.

यातून जो नियम निघतो तो मी घरातल्या प्रत्येकाला पाठ करायला लावीन: यंत्र एकाच माणसाने चालवायचे. ज्याने ओंडका ठेवला त्यानेच लिव्हर धरायची, आणि त्याचा हात लिव्हरवर असताना दुसऱ्या कुणाचाही हात यंत्राजवळ नसावा. एकाने ओंडका धरायचा आणि दुसऱ्याने लिव्हर ओढायची, ही पद्धत काम लवकर उरकते असे वाटते खरे, पण बोटे चिरडण्याच्या आणि तुटण्याच्या अपघातांचे हेच ठरलेले कारण आहे. धरणाऱ्याला वाटते, दुसरा थांबेल. ओढणाऱ्याला वाटते, पहिल्याने हात काढला असेल. आणि इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू जात नाही. लेखासोबत आपण छापलेल्या छायाचित्रात नेमके हेच दृश्य आहे, हे मला खेदाने नमूद करावे लागते: एक गृहस्थ दोन्ही हातांनी ओंडका दाबून धरून उभे आहेत आणि लिव्हरवर दुसऱ्याच कुणाचा हात आहे. मदतनीस हवाच असेल तर त्याने ओंडके यंत्राजवळ आणून ठेवावेत आणि फोडलेले लाकूड रचावे, दट्ट्याच्या वाटेत त्याला काम देऊ नये. लहान मुले आणि पाळीव जनावरे तर बरीच लांब हवीत, कारण तिरपा कापलेला ओंडका दाब येताच पाचरीवरून निसटून जोरात बाहेर उडू शकतो.

विजेवरच्या बहुतेक लहान यंत्रांना दोन्ही हात गुंतवणारी नियंत्रणे असतात. एका हाताने बटण आणि दुसऱ्याने लिव्हर दाबल्याखेरीज दट्ट्या हलतच नाही. ही व्यवस्था त्रासदायक वाटते आणि म्हणून काही हुशार लोक एक बटण दोरीने किंवा चिकटपट्टीने कायमचे दाबून ठेवतात. असे यंत्र मी चालवणार नाही आणि कुणाला चालवू देणार नाही. युरोपात पाचरीच्या लाकूडफोड यंत्रांच्या सुरक्षेसाठी ईएन ६०९-१ असे स्वतंत्र मानकच आहे. निरुपद्रवी यंत्रासाठी कुणी वेगळे मानक लिहीत बसत नाही.

ओंडका ठेवताना तो बाजूंनी धरावा, टोकांना हात लावू नये, कारण एका टोकाला पाचर असते आणि दुसऱ्या टोकाला दट्ट्याची पट्टी. ओंडका दोहोंमध्ये जेमतेम पकडला गेला की हात काढून घ्यावा आणि मगच पुढचा दाब द्यावा. तो घसरतोय असे वाटले तर हाताने सावरू नये, दट्ट्या मागे घ्यावा. अर्धवट फुटलेल्या ओंडक्याच्या फटीत बोटे घालून तो ओढून वेगळा करण्याचा मोह सर्वांत वाईट. आत चिवट धागे ताणलेले असतात, पाचर फटीतून निघाली की ती फट पुन्हा मिटते आणि बोटे आतच राहतात. यंत्र बंद करून ते धागे हातकुऱ्हाडीने तोडावेत. ओंडका पाचरीत अडकला तर दट्ट्या मागे घेताना तो सोडवणारी पट्टी बऱ्याच यंत्रांवर असते. ती नसेल तर यंत्र बंद करून, लिव्हर मागेपुढे करून उरलेला दाब सोडून द्यावा आणि मग पहारीने तो मोकळा करावा. डोळ्यांवर संरक्षक चष्मा, पायांत टोकाला पोलाद असलेले बूट आणि हाताला घट्ट बसणारे मोजे असावेत. सैल बाह्या आणि गळ्यातला लोंबता रुमाल नको. पेट्रोल यंत्र असेल तर कानांवरही संरक्षण हवे. पेट्रोल यंत्र बंद शेडमध्ये किंवा गॅरेजमध्ये, दार उघडे ठेवूनही, चालवू नये. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पाठीचाही विचार करावा, कारण ती बोटांसारखी एका क्षणात जात नाही, हळूहळू जाते. ५० सेंटिमीटर जाडीचा आणि ४० सेंटिमीटर लांबीचा ओला ओंडका पाऊणशे किलोंच्या घरात जातो. असे ओंडके आडव्या यंत्राच्या तुळईवर उचलून ठेवत बसणे शहाणपणाचे नाही. जी यंत्रे उभी करता येतात त्यांवर जाड ओंडका जमिनीवरूनच लोटत पाचरीखाली आणता येतो, आणि मध्यम ओंडक्यांसाठी तेच यंत्र आडवे करून कमरेच्या उंचीवर उभ्याने काम करता येते. जाड लाकूड असणाऱ्याने टनांपेक्षा या सोयीसाठी पैसे मोजावेत.

लेखातील एका सूचनेला मात्र नुसता आक्षेप पुरेसा नाही, ती मागेच घेतली पाहिजे. ‘काम सुरू करण्यापूर्वी यंत्र चालू करून होज पाइपवरून हात फिरवावा, म्हणजे गळती कळते’ असे त्यात लिहिले आहे. असे कधीही करू नये. होज पाइपला, म्हणजे तेल नेणाऱ्या लवचिक नळीला, पडलेल्या सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून २०० बारने निघणारी तेलाची धार कित्येकदा डोळ्यांना दिसतही नाही, आणि ती हातमोजा व कातडी भेदून आत शिरते. बाहेर फक्त सुई टोचल्यासारखी खूण दिसते, सुरुवातीला दुखतेही थोडेच, आणि म्हणून माणूस ते पुसून कामाला लागतो. आत मात्र तेल बोटाच्या आवरणांमधून पसरत जाते आणि ऊती मरू लागतात. ही शस्त्रक्रियेची तातडी आहे, आणि उशीर झाला तर बोट किंवा हात काढावा लागतो. अशी शंका जरी आली, तरी दुखत असो वा नसो, थेट रुग्णालयात जावे आणि ‘उच्च दाबाचे हायड्रॉलिक तेल कातडीखाली शिरले आहे’ हे वाक्य जसेच्या तसे सांगावे, म्हणजे साध्या जखमेसारखी मलमपट्टी करून घरी पाठवले जाणार नाही. गळती शोधायची ती पुठ्ठ्याचा किंवा लाकडाचा तुकडा पाइपजवळून लांबून फिरवून. त्यावर तेलाचा डाग उमटतो. नंतर यंत्र बंद करावे, दाब सोडावा आणि मगच जोड आवळावा किंवा पाइप बदलावा. फुगलेला, चिरा पडलेला किंवा आतली तार दिसू लागलेला पाइप चिकटपट्टी गुंडाळून चालवता येत नाही.

यंत्र नवे आणल्याच्या पहिल्या दिवशी दोन टाक्या तपासाव्यात. पेट्रोल यंत्रे बरेचदा इंजिनात तेल न भरताच येतात आणि हायड्रॉलिक टाकीही रिकामी असते. कोरड्या पंपावर इंजिन सुरू केले तर पंप काही क्षणांतच खराब होऊ शकतो. माहितीपुस्तिकेत सांगितलेलेच तेल भरावे. साधारणपणे थंड हवेत ३२ आणि उष्ण हवेत ४६ या श्रेणीचे झीजरोधक हायड्रॉलिक तेल चालते. हे आकडे ४० अंश सेल्सियसला तेल किती दाट असते ते सांगतात. तेल भरल्यावर लगेच लाकूड लावू नये. दट्ट्या रिकामाच काही वेळा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे न्यावा, म्हणजे सिलिंडरमधली आणि पाइपमधली हवा टाकीत परत येते. मग दट्ट्या मागे घेऊन पातळी पुन्हा पाहावी आणि कमी झालेले तेल घालावे, पण टाकी काठोकाठ भरू नये, कारण तापल्यावर तेल फुगते. दट्ट्या झटके देत चालत असेल किंवा तेलावर फेस दिसत असेल तर हवा अजून आत आहे. तेल दुधासारखे पांढरट झाले असेल तर त्यात पाणी गेले आहे आणि ते बदललेच पाहिजे. विजेवरच्या लहान यंत्रांना हवा सोडण्याचा एक छोटा स्क्रू असतो. काम सुरू करताना तो थोडा सैल करायचा आणि यंत्र हलवताना पुन्हा आवळायचा असतो. तो बंद ठेवूनच काम केले तर आत अडकलेल्या हवेचा दाब गळती रोखणाऱ्या सीलवर येतो आणि ती फुटते. अशा यंत्रांना लांब, बारीक तारेची जोडवायर लावण्याची चूकही सर्रास होते. तारेतच व्होल्टेज गळते, मोटर अडखळते आणि तापते. तार जाड आणि शक्य तितकी आखूड असावी, आणि जोडणी गळतीप्रवाह तोडणाऱ्या स्विचमधून घ्यावी.

प्रत्यक्ष फोडताना ओंडक्याचे निरीक्षण करायला दोन क्षण द्यावेत. दोन्ही टोके काटकोनात कापलेली हवीत. ही गोष्ट करवतीच्या वेळीच सांभाळायची असते, नंतर यंत्रापाशी उपाय राहत नाही. लांबी यंत्राच्या मर्यादेवर ठरवू नये, शेगडीच्या खोलीवर ठरवावी, आणि ती खोलीपेक्षा काही सेंटिमीटर कमीच असावी. टोकाकडून पाहिले तर वाळताना पडलेल्या चिरा दिसतात. पाचर त्या चिरेच्या रेषेत लावली की निम्मे काम लाकडानेच करून ठेवलेले असते. गाठ पाचरीच्या वाटेत येणार नाही अशा रीतीने ओंडका फिरवावा. बेचक्याचे लाकूड शक्यतो शेवटी, हात बसल्यावर घ्यावे. फार जाड ओंडका मधोमध फोडण्याचा अट्टहास न करता कडेकडेने फोडत आत जावे. पाचर नेहमी लाकडाच्या उभ्या रेषांच्या दिशेने चालली पाहिजे. ओंडका आडवा ठेवून रेषा तोडत चिरण्याचा प्रयत्न केला तर लाकूड स्फोट झाल्यासारखे तुकडे उडवते. पाच सेकंद पूर्ण दाब देऊनही ओंडका तडकत नसेल, तर तिथेच थांबावे, कारण त्यापुढे फक्त तेल तापते. दट्ट्या मागे घ्यावा, ओंडका फिरवावा, आणि तरीही जमले नाही तर तो करवतीसाठी बाजूला ठेवावा. यंत्राला थोडा अधिक जोर मिळावा म्हणून रिलीफ व्हॉल्व्हचा, म्हणजे दाब मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेचा, स्क्रू पिळणारे लोक मी पाहिले आहेत. तो व्हॉल्व्ह पाइप, सील आणि सिलिंडर यांच्या सहनशक्तीवर बेतलेला असतो, आणि एका हट्टी गाठीसाठी ती मर्यादा मोडण्यासारखे काही नाही. एका धावेत चार तुकडे करणारी चौमुखी पाचरही अशीच मोहात पाडते. तिला बराच अधिक जोर लागतो आणि ती सरळ, मध्यम जाडीच्या लाकडावरच शोभते.

हे सगळे कशासाठी, तर लाकूड वाळावे म्हणून; लेखात हा दुवा सुटला आहे. ओंडक्याची साल पाणी अडवून धरते आणि टोकांतून ते फार सावकाश बाहेर पडते. फोडल्यावर जे नवे पृष्ठभाग उघडे पडतात त्यांतून लाकूड झपाट्याने वाळू लागते. म्हणून झाड कापल्यावर ओंडके वर्षभर तसेच ठेवून ऐन गरजेच्या वेळी फोडणे हा दुहेरी तोटा आहे, कारण वाळण्याचा काळही वाया जातो आणि वाळलेले लाकूड बरेचदा अधिक कठीणही होते. वजनाच्या निम्मे पाणी असलेल्या एक किलो लाकडातून सुमारे ८ मेगाज्यूल उष्णता मिळते. तेच लाकूड २० टक्के ओलाव्यापर्यंत वाळवले तर किलोमागे १४ मेगाज्यूलच्या पुढे जाते. ओल्या लाकडाच्या थंड धुराने धुराड्यात डांबरासारखा थर जमतो आणि एखाद्या दिवशी तोच पेट घेतो, हा धोका वेगळाच. फोडलेले लाकूड जमिनीपासून उचलून, हवा खेळेल असे रचावे. वरून झाकावे, बाजू उघड्या ठेवाव्यात. जात आणि हवामान यांनुसार सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत वेळ लागतो. ओलावा मोजणारे छोटे मीटर मिळते. त्याच्या सुया बाहेरच्या वाळक्या पृष्ठभागावर न टोचता, एक तुकडा नव्याने फोडून त्याच्या आतल्या बाजूला टोचाव्यात, नाहीतर मीटर आपल्याला हवे तेच सांगते.

यंत्राची रोजची देखभाल थोडकीच आहे. फिल्टर पुस्तिकेतल्या वेळापत्रकाने बदलावा, त्यातही पहिला फिल्टर लवकर, कारण नव्या सिलिंडरमधला आणि पंपातला धातूचा कीस सुरुवातीलाच सुटतो. काम संपल्यावर दट्ट्या पूर्ण आत घेऊन ठेवावा, म्हणजे त्याचा चकचकीत दांडा गंजत नाही. त्यावर गंजाचा खरबरीत ठिपका पडला की तो प्रत्येक धावेला सील कापत राहतो.

आपणास दोन विनंत्या आहेत. यंत्रांची तुलना करणारा तक्ता पुन्हा छापाल तेव्हा टनांच्या शेजारी सिलिंडरचा व्यास आणि कमाल दाब हे दोन रकाने असावेत, म्हणजे वाचकाला स्वतः पडताळा घेता येईल. आणि होज पाइपवर हात फिरवण्याच्या सूचनेची दुरुस्ती पुढच्याच अंकात, लेखाचा उल्लेख करून, ठळकपणे प्रसिद्ध करावी. असे लेख लोक कापून यंत्राच्या पुस्तिकेत घालून ठेवतात. त्या कात्रणावर दुरुस्तीही चिकटवली जावी, एवढ्या आकाराची ती असावी.

आपला,
एक नियमित वाचक